‘चोराने ठरवलं की गाडी जाणारच’ हे खरं नाही

“चोराने ठरवलं की गाडी जाणारच, कुलपांवर पैसे घालवू नका. हँडल लॉक पुरे. जुन्या गाडीला कोणी हात लावत नाही. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) बसवली की काळजी मिटली. आणि विमा आहेच.” हा मजकूर सध्या सोसायटीच्या, ऑफिसच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. पुण्यात आमच्या इमारतीखालून माझी मोटरसायकल गेली, तेव्हा यातलं बरंचसं मीही खरं मानत होतो. म्हणून हे लिहितोय.

हँडल लॉक आधी घेऊ. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं दिसलं. एक पोरगा सीटवर बसला, हँडलवर पाय रोवला आणि जोरात दणका दिला. लॉक तुटलं. आतली खिळी तेवढा जोर सोसत नाही. दुसऱ्याने वायरी जोडल्या, गाडी गेली. पण मला छळतं ते त्याआधीचं दृश्य. ते दोघे पहिल्यांदा शेजारच्या गाडीपाशी गेले होते. तिच्या पुढच्या चाकाला डिस्क लॉक, म्हणजे डिस्क ब्रेकच्या चकतीत अडकवायचं कुलूप, होतं. एकाने वाकून बघितलं आणि तो माझ्या गाडीकडे वळला. चोराने ठरवलेलं नसतं. रांगेतली जी पटकन निघेल ती तो नेतो.

असं डिस्क लॉक चारपाचशे रुपयांत मिळतं. ते काढायला विसरून गाडी हलवली तर पडायची भीती असते, म्हणून त्याची रंगीत दोरी हँडलला अडकवाच. ड्रम ब्रेक असेल तर जाड साखळी घ्या, चाकातून काढून खांबाला किंवा ग्रिलला बांधा. नुसतं चाक बांधलेली गाडी दोघे उचलून टेम्पोत घालू शकतात. साखळी जमिनीला टेकू देऊ नका. खाली फरशी असली की हातोड्याचा घाव नीट बसतो. प्लास्टिकचं वेष्टण असलेली बारीक केबल मात्र घेऊ नका, साध्या कटरने ती तुटते.

याहून स्वस्त म्हणजे इलेक्ट्रिशियनकडून बसवलेलं चोरस्विच, म्हणजे बंद ठेवलं की गाडी सुरूच होत नाही असं लपवलेलं बटण. जागा फक्त तुम्हाला माहीत हवी. गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारा, वायरिंगला हात लावल्यावर पुढे वाद होतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला तर पेट्रोलचा कॉक आहे. तो रात्री बंद केला की गाडी थोडं अंतर जाऊन बंद पडते. फुकटचा उपाय.

जुनी गाडी कोणी चोरत नाही, हेही खोटं. झिजलेलं लॉक दुसऱ्या गाडीच्या चावीनेही उघडतं, आणि रस्त्यावर ज्या मॉडेलच्या गाड्या जास्त, त्यांच्याच सुट्या भागांना गिऱ्हाईक जास्त.

एचएसआरपी ही नंबरप्लेट आहे, कुलूप नाही. बनावट नंबर लावणं तिने अवघड होतं, गाडी ढकलून नेणं नाही. माझ्या गाडीला ती शोरूमपासूनच होती.

आता विमा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. थर्ड पार्टी विमा फक्त आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरतो, त्यात चोरीचा एक पैसाही मिळत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, त्यामुळे ‘आपला विमा ५ वर्षांचा आहे’ असं लोक धरून चालतात. चोरीची भरपाई ज्यातून मिळते तो ‘ओन डॅमेज’ भाग बहुतेक वेळा १ वर्षाचाच असतो आणि दरवर्षी भरावा लागतो. तो चालू असला तरी गाडीची पूर्ण किंमत मिळत नाही. गाडीचं विमामूल्य धरताना ३ ते ४ वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि ४ ते ५ वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा लावतात. शिवाय एफआयआर लगेच हवा, दोन्ही चाव्या द्याव्या लागतात आणि गाडी सापडली नाही असा पोलिसांचा अहवाल, ज्याला ठाण्यात ‘ए समरी’ म्हणतात, तो येईपर्यंत महिने जातात. तोवर कामावर बसने जा आणि कर्ज असेल तर हप्ते भरत राहा.

तेव्हा आज पॉलिसी काढून बघा. माझ्या पॉलिसीवर दोन तारखा छापलेल्या होत्या. मी फक्त लांबची वाचली होती. जवळची चोरीच्या ४ महिने आधीच उलटून गेली होती.