खड्ड्यात महापूर मावत नसतो ओ

परत तोच मेसेज फिरायला लागलाय, निपाणी-चिकोडीच्या प्रत्येक ग्रुपवर. म्हणे "नदीकाठच्या मळीत वाळू-रेवेच्या खाणी होऊ द्या, खड्ड्यात पुराचं पाणी मावंल, पात्र खोल होईल, २०१९ सारखा महापूर परत येणार नाही. वाळू बंद केली म्हणूनच पूर येतोय." खाली हात जोडलेले दोन इमोजी. मळी म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन. आमची जमीन दूधगंगेच्या काठाला आहे म्हणून लिहितोय.

पहिलं, खड्ड्यात पाणी मावतंय. बरं, हिशोब करू. ५ एकराची खाण, ३ मीटर खोल, म्हणजे साधारण ६० हजार घनमीटर. आता नदीला १ लाख क्युसेक पाणी धरा, कृष्णेच्या पुराला हे काय लई नाही, ते होतं सेकंदाला २,८३२ घनमीटर. खड्डा भरायला २१ सेकंद! एक टीएमसी (एक अब्ज घनफूट) पाणी मावायला असले ४७० च्या आसपास खड्डे लागतील, आणि तेही कोरडे पाहिजेत. पण नदीकाठच्या खड्ड्यात पाझर लागतोच, आमच्या विहिरी जुलैतच काठोकाठ असतात मग शेजारची खाण काय रिकामी बसणाराय का पुराची वाट बघत?

दुसरं, पात्र खोल होतं. होतं की, पण पुराची पातळी उतरतेच असं नाही. पुढं बंधारा असला की मागच्या पाण्याची उंची तो ठरवतो, मधे तुम्ही खड्डा पाडला तर तिथं नुसतं साचलेलं पाणी वाढतं, फुगवटा आहे तिथंच राहतो. उलट खरा ताप वेगळाच आहे. वाहतं पाणी खड्ड्याच्या वरच्या कडेवरनं खाली पडतं, कड ढासळते, आणि ती कड दर पावसाळ्यात वरच्या अंगाला सरकत जाते. पुलाचे पाये उघडे पडतात, जॅकवेलचा (नदीतनं पाणी उपसायच्या विहिरीचा) पाइप उन्हाळ्यात हवेत लटकतो, ओढेपण खोल कापत जातात. खड्ड्याच्या खालच्या अंगालाही सुख नाही, रेव सगळी खड्ड्यात बसते आणि पुढं गेलेलं पाणी उपाशी असतं, ते काठ खातं. म्हणून तर नियमात ३ मीटर किंवा पाणी लागेपर्यंत, यातलं जे कमी तेवढीच खोली आहे आणि पुलापासनं लांब राहायला सांगितलंय.

तिसरं मेसेजमधे नाहीच, आणि मला भ्या त्याचंच आहे. वरची माती काढून नदीच्या कडेनं ढीग मारतात, "बांध घातला" म्हणतात. त्या ढिगानं पुराला पसरायची जागा जाते, पाणी पलीकडच्या गावात चढतं. आणि खाण आणि नदीच्या मधे चार हाताची पट्टी ठेवलेली असली की एका रात्री ती फुटते आणि नदी खड्ड्यातनंच वाहायला लागते, जुनी वाट सोडून. मग शेजाऱ्याचा ऊस कुठल्या सातबाऱ्यावर शोधायचा?

वाळू बंद म्हणून पूर येतो हे तर सोडाच. २०१९ ला घाटमाथ्यावर पाऊस कोसळला, धरणं भरली, विसर्ग वाढला, कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदमच फुगल्या. २०२१ ला यमगर्णीत वेदगंगेनं हायवे बंद पाडला तोही पावसानंच.

आता मी काय वाळूच्या विरोधात नाही, घर बांधायला मलापण लागतेच. बंधाऱ्याच्या दारापुढचा गाळ काढला तर फायदा आहे, ते मान्य. मळीतली खाणसुद्धा नीट चालवता येते: नदीपासनं रुंद पट्टी सोडायची, ढीग प्रवाहाला आडवे न टाकता लांब न्यायचे, आणि खालच्या अंगाला ठरवून एक सखल सांडवा ठेवायचा, मोठे दगड बसवून पिचिंग केलेला, म्हणजे पाण्यानं तो खचत नाही. म्हणजे पूर चढताना पाणी त्या वाटेनं खालनं हळूहळू आत शिरतं, बाहेरची आणि आतली पातळी सारखी होते, वरनं धबधबा पडत नाही आणि पट्टी फुटत नाही. उतरतानाही तिथनंच बाहेर. तेवढी खबरदारी घेतलेली एकतरी खाण मेसेज पाठवणाऱ्यानं दाखवावी, मी येतो बघायला, पेट्रोल माझं.