मालकी आणि परवाना यांत गल्लत नको

फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये 'अटी मान्य' दाबलं की आपण काढलेलं चित्र कंपनीच्या मालकीचं होतं, असं एका लेखात म्हटलं आहे; ते विधान चूक आहे. आपल्याकडे कॉपीराइटचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं (1957 चा कायदा, कलम 19). कंपनी घेते तो वापराचा परवाना, आणि काळजी त्याच्या व्याप्तीची करायला हवी. नव्या अटींवरून झालेल्या गदारोळानंतर जून 2024 मध्ये फोटोशॉप बनवणाऱ्या अ‍ॅडोबीने अटींत स्पष्ट केलं की ग्राहकांचं काम वापरून जनरेटिव्ह एआयला (नवी चित्रं, मजकूर तयार करणाऱ्या एआयला) शिकवणार नाही. अ‍ॅडोबी स्टॉकला, म्हणजे कंपनीच्या चित्रविक्रीच्या साइटला, दिलेलं काम मात्र अपवाद.

तरी बडोद्यात गरब्याची पोस्टर्स, लग्नपत्रिका करणाऱ्यांनी अ‍ॅडोबी अकाउंटच्या प्रायव्हसी पानावर 'कंटेंट अ‍ॅनालिसिस' (कंपनीला आपल्या कामाचं विश्लेषण करू देणारी सेटिंग) बंद करावंच. फाइल सेव्ह करताना फोटोशॉप क्लाउडचा (कंपनीच्या ऑनलाइन साठ्याचा) पर्याय पुढे करतं, तिथे 'ऑन युवर कम्प्युटर' निवडा. हे विश्लेषण कॉम्प्युटरवरच्या फायलींना लागू नाही. पार्टीने गोपनीयतेचा करार केला असेल तर एवढं तरी कराच.