‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाविषयी खुलासा

जून 1938 असा मुद्रित महिना असलेला ‘ॲक्शन कॉमिक्स’ या अमेरिकी चित्रकथा मासिकाचा पहिला अंक संपूर्णपणे सुपरमॅनचा होता आणि त्यात तो आकाशात उडताना दिसतो, असे सांगणारा संदेश सध्या फिरत आहे. त्यातील पहिला भाग मीही पूर्वी लिहिला होता. ती चूक माझी, आणि ती येथे दुरुस्त करतो.

अंकाची हुबेहूब पुनर्मुद्रित प्रत चाळली की दिसते, की 10 सेंट किमतीचा हा अंक अनेक मालिकांचा संग्रह होता. जेरी सीगल यांनी लिहिलेली आणि जो शुस्टर यांनी रेखाटलेली सुपरमॅनची कथा त्यात केवळ 13 पानांची असून, बाकीची जागा जादूगार झटारा, टेक्स थॉमसन, पेप मॉर्गन, इतकेच काय, मार्को पोलो यांच्याकडे गेली आहे. (झटाराची कथा आजही वाचनीय आहे, हे माझे वैयक्तिक मत.) मुखपृष्ठावर मोटार उचलणारा सुपरमॅन असल्यामुळे हा समज पसरला असावा, परंतु पुढे थेट सातव्या अंकापर्यंत तो मुखपृष्ठावर आलाच नाही.

उडण्याचे म्हणाल, तर पहिल्याच पानावर त्याची शक्ती स्पष्ट लिहिली आहे: एक अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे 200 मीटर, झेप घेणे आणि 20 मजली इमारत ओलांडणे. उड्डाण त्याला नंतरच्या काळात मिळाले.

तरी तो संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि आधीच पाठवला असल्यास त्याखाली हा खुलासा जोडावा.