४-१ लक्षात राहिलं, ९२ विसरलो

वर्ल्डकपच्या आधी टीम कुठे वनडे खेळायला गेली की आपल्याकडे एकच प्रश्न, सिरीज जिंकली का? जिंकली असेल तर झालं, तयारी एकदम जोरात. माझा या हिशेबावरचा विश्वास उडालाय आणि उडवला तो २०१९ च्या न्यूझीलंड दौऱ्याने. जुनं उकरून काढतोय असं वाटेल, वाटू दे.

आठवून बघा, जानेवारी २०१९, ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात टेस्टमध्ये हरवलेलं, वनडेत हरवलेलं आणि तिथून टीम थेट न्यूझीलंडला. वर्ल्डकपला जेमतेम चार महिने. नेपियरला पहिली वनडे, त्यात मावळतीचं ऊन सरळ बॅट्समनच्या डोळ्यात जातंय म्हणून खेळ थांबवला (पावसाने थांबलेल्या मॅच ढिगाने बघितल्यात, ऊन पडलं म्हणून थांबलेली तेवढीच). ती जिंकली, मग माउंट माउंगानुईच्या दोन्ही जिंकल्या, कुलदीपने पहिल्या दोन्ही मॅचमध्ये चार-चार काढल्या, ३-० झालं. सिरीज खिशात, कोहलीला विश्रांती, सगळं कसं छान छान.

आणि मग ३१ जानेवारी, हॅमिल्टन.

रोहितची २०० वी वनडे, कॅप्टनपण तोच. शुभमन गिलची पहिली. धोनी हॅमस्ट्रिंगमुळे बाहेर. बोल्टने एका बाजूने सलग दहा ओव्हर टाकल्या, २१ रन देऊन ५ विकेट. दुसरीकडून डी ग्रँडहोम, ज्याला आपण फार सिरीयसली घेत नव्हतो, त्याने ३. बॉल थोडासा हलत होता बस, बाकी पिचमध्ये काही भूतबित नव्हतं. ३०.५ ओव्हरमध्ये ९२ ऑलआउट, आणि सगळ्यात जास्त रन कुणाचे, तर दहा नंबरला आलेल्या चहलचे, १८ नॉटआउट. त्यांनी ते १४.४ ओव्हरमध्ये मारले, २१२ बॉल शिल्लक. आपल्याकडे साडेसातला सुरू झालेली मॅच डबा उघडायच्या आत आटोपलेली.

त्यावर आपण काय म्हणालो? डेड रबर आहे, सिरीज आधीच जिंकलेली, कोहली नाही, धोनी नाही, होतं असं एखाद्या दिवशी. मीही हेच म्हणालो.

पण तीन दिवसांनी वेलिंग्टनला काय झालं ते बघा ना. दहा ओव्हरच्या आत १८ वर ४! हेन्रीने रोहित आणि गिलला उडवलं, बोल्टने धवनला आणि परत आलेल्या धोनीला. म्हणजे ओळीने दुसऱ्यांदा तेच, पहिले दहा ओव्हर बॉल हलला की वरची फळी साफ. फरक एवढाच की या वेळी अंबाती रायुडू टिकला. ११३ बॉलमध्ये ९०, चमकधमक काही नाही, नुसतं उभं राहणं. सोबत विजय शंकर ४५ (हो, तोच विजय शंकर), शेवटी हार्दिकने २२ बॉलमध्ये ४५ हाणले, २५२ झाले आणि आपण ३५ रननी जिंकलो. सिरीज ४-१. पेपरात ४-१ छापून आलं, ९२ आणि १८ वर ४ कुठेतरी खाली दाबलं गेलं.

रायुडू हॅमिल्टनला शून्यावर गेला होता हे मला मान्य आहे. तो काही फार मोठा तारणहार होता असं मी म्हणत नाहीये. पण २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये खुद्द कोहली सांगत होता की चार नंबरला रायुडू, वर्ल्डकपपर्यंत त्याला पाठिंबा द्यायचा. मग मार्चमध्ये ऑस्ट्रेलिया इकडे आली, त्याच्या तीन इनिंग झाल्या, १३, १८ आणि २, आणि पाठिंबा संपला. तीन इनिंग! सपाट पिचवर पटकन रन जमले नाहीत म्हणून जो माणूस काढला तो हलत्या बॉलवर १८ वर ४ असताना उभा राहिला होता, आणि वर्ल्डकप होता कुठे, तर इंग्लंडमध्ये. माझा सगळा राग या एका गोष्टीचा आहे.

त्याच सिरीजमध्ये नागपूरला शंकरने शेवटच्या ओव्हरमध्ये ११ रन वाचवताना स्टॉइनिस आणि झॅम्पाला काढलं, त्याआधी ४६ केले होते, माझ्या मते त्याचं वर्ल्डकपचं तिकीट त्या दिवशीच पक्कं झालं. १५ एप्रिलला वर्ल्डकपची टीम जाहीर झाली, निवड समितीचे प्रमुख एमएसके प्रसादांनी शंकरची तीन डायमेन्शन सांगितली (बॅटिंग, बॉलिंग, फिल्डिंग), रायुडूने थ्रीडी चष्मा मागवल्याचं ट्विट टाकलं, आपण सगळे हसलो. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही हां, त्याने तर वर्ल्डकपमधल्या स्वतःच्या पहिल्याच बॉलवर पाकिस्तानच्या इमामला काढलं. पुढे पायाचं बोट दुखावून तो घरी आला तेव्हा बोलावलं कुणाला, मयंक अगरवालला. रायुडू स्टँडबाय होता. ३ जुलैला तो रिटायर झाला.

आणि मधे इशारा मिळाला नव्हता असंही नाही. २५ मेला ओव्हलवर वॉर्मअप मॅच, समोर परत न्यूझीलंड, परत बोल्टच्या ४ विकेट, आपण १७९. वॉर्मअप काय हो, कोण मोजतं. लीगमधली त्यांच्याशीच असलेली नॉटिंगहॅमची मॅच पावसात वाहून गेली, त्यामुळे तिथेही उघडं पडलो नाही. रोहितने पाच सेंचुऱ्या मारल्या, मधल्या फळीवर फारशी वेळच आली नाही, आणि आपण टेबलात पहिले.

मँचेस्टर, १० जुलै, सेमीफायनल, समोर परत न्यूझीलंड. टार्गेट २४०. रोहित १, कोहली १, राहुल १. ५ वर ३. दहावी ओव्हर संपली तेव्हा २४ वर ४. बॉलर कोण, तर हेन्री आणि बोल्ट. वेलिंग्टनचं स्कोअरकार्ड जसंच्या तसं कॉपी पेस्ट केल्यासारखं, फक्त त्यात ११३ बॉल उभा राहणारा गायब. पंत आणि हार्दिक ३२-३२ करून गेले, जडेजाने ७७ मारून जीव तोडला, धोनी गप्टिलच्या थ्रोवर गेला, १८ रन कमी पडले.

रायुडू असता तर जिंकलो असतो का? काय माहीत. तोही १ वर गेला असता कदाचित. पण आपण किती दिवस धोनी सातला का आला आणि डाइव्ह का मारली नाही यावरच भांडलो, जानेवारीत काय दिसलं होतं ते कुणी काढलंच नाही.

त्या रात्री ग्रुपवरही तेच चाललेलं. मी वैतागून वर वर स्क्रोल करत हॅमिल्टनच्या दिवसापर्यंत गेलो. ९२ च्या स्कोअरकार्डचा फोटो टाकलेला कुणीतरी, त्याखाली माझाच मेसेज होता, 'सिरीज जिंकलीये रे, सोडा.' आणि त्याखाली चार-पाच जणांचे अंगठे.