फाटकाबाहेरची वाट

गेल्या रविवारी नगरहून चुलतभावाचा फोन आला आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. निवृत्तीनाथ महाराजांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना नगरमधून जाते. त्या दिवशी चर्चच्या फाटकापाशी वारकऱ्यांसाठी पाण्याची आणि चहाची सोय करावी, असे तरुण संघाने सुचवले होते. एका ज्येष्ठ सभासदांनी ती सूचना हाणून पाडली. अशा यात्रेला पाणी पाजणे म्हणजे तिला संमती देणे, तारण कृपेने मिळते, पाय झिजवून नव्हे, आणि पायी यात्रा हा आपल्या धर्माचा भागच नाही, असे ते म्हणाले.

हे शेवटचे वाक्य मला सोसत नाही, कारण दोन वर्षांपूर्वी रजा साठवून मी फ्रान्समधल्या सें-जाँ-पिए-द-पोरपासून स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत, सुमारे ७८० किलोमीटर, चालत गेले. येशूचा शिष्य, जब्दीचा मुलगा याकोब याची कबर तिथे आहे, या श्रद्धेने ख्रिस्ती माणसे हजार वर्षांहून अधिक काळ त्या वाटेने जात आली आहेत. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन लूथरला ही यात्रा मान्य नव्हती. तिथे याकोब पुरला आहे की मेलेले कुत्रे, हे कोणाला ठाऊक, असे त्याने म्हटले होते. ज्येष्ठ सभासद हाच दाखला देतील. पण मी लूथरच्या देशात, जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गला राहते, माझ्या पगारातून दरमहा किर्शेनश्टॉयर, म्हणजे चर्चचा कर, लूथरन चर्चला जातो, आणि याच शहरातले याकोबाच्या नावाचे चर्च आज लूथरनच आहे. इथल्या मंडळींना त्या नावाची भीती वाटत नाही.

शिवाय आपल्या उपासनेत आपण गातो ती ना. वा. टिळकांची भजने कोणत्या वाटेने आली? अभंगाचा तो घाट वारीच्या रस्त्यावरचा आहे, आणि तुकोबांचे ऋण टिळकांनी कधी लपवले नाही. स्पेनच्या त्या वाटेवर बुर्गोस ते लेओन या सपाट, सावली नसलेल्या टापूत दिवसच्या दिवस गव्हाच्या शेतांमधून चालताना माझ्या ओठांवर जर्मन स्तोत्र एकदाही आले नाही. टिळकांचीच भजने आली, आणि पावले आपोआप त्या ठेक्यात पडू लागली. सांतियागोला शेवटचे १०० किलोमीटर चालले तरी प्रमाणपत्र मिळते; पंढरीच्या वाटेवर कोणी प्रमाणपत्र मागत नाही, हे मला त्या कचेरीच्या रांगेत उभी असताना फार जाणवले.

भावाला मी फोनवर आवेशाने सांगितले की तिकडे कोणी कोणाला 'तू कोण' असे विचारत नाही. ते खरे नव्हते. जवळजवळ रोज संध्याकाळी जेवणाच्या मेजावर कोणीतरी विचारायचे की भारतात ख्रिस्ती असतात का, आणि तुमचे घराणे कधी बाटले. विचारणारे प्रेमाने विचारत असत, पण नगरमध्ये शाळेत मला हेच विचारले गेले होते, आणि दोन्हीकडे उत्तर देताना माझा आवाज सारखाच बारीक झाला.

त्याच वाटेवरच्या ग्रान्योन नावाच्या लहानशा गावात यात्रेकरू चर्चच्या मनोऱ्यात जमिनीवर गाद्या टाकून झोपतात. तिथे दानाची पेटी उघडीच असते. जमेल ते टाकावे आणि लागेल ते घ्यावे, अशी तिथली रीत आहे. माझ्या टाचेला मोठा फोड आला होता. तिथले वृद्ध सेवेकरी माझ्यासमोर गुडघे टेकून बसले, माझा पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला, फोडातून सुईदोरा ओवला आणि पाणी झिरपत राहावे म्हणून दोऱ्याचे टोक बाहेर सोडले. त्यांचे डोके माझ्या पायाशी वाकलेले होते आणि मला रडू आवरेना. त्यांना वाटले, सुई दुखली.

मी दहा वर्षांची असताना फाटकाच्या आत उभी राहून दिंडी पाहत होते. एका म्हाताऱ्या वारकऱ्याने पाणी मागितले. मी तांब्या भरून आणला. ते ओंजळीने प्याले, मला 'माउली' म्हणाले आणि वारकरी भेटेल त्याच्या पाया पडतो तसे माझ्या पाया पडायला वाकले. आपण कोणाच्या पाया पडत नाही आणि कोणाला पडू देत नाही, हे मला घरी पक्के शिकवले होते. मी झटकन मागे सरले. त्यांचे हात फरशीला लागले. मग ते उठले, तेच हात कपाळाला लावले आणि दिंडी गाठायला भरभर चालू लागले.