राडारोड्याची खडी रसायनांपुढे टिकत नाही?

"पाडकामातल्या काँक्रीटची खडी वापरलेलं बांधकाम सल्फेट, आम्ल, मीठ यांपुढे टिकत नाही, काही वर्षांत त्याचा भुगा होतो," असा दावा सर्रास पुढे पाठवला जातोय. तो मुद्द्यागणिक तपासू.

"ही खडी पाणी पिते." हे खरंच आहे. दगडाला जुनं मॉर्टर (सिमेंट-वाळूचा घट्ट झालेला थर) चिकटलेलं असल्याने तिचं जलशोषण साधारण ३ ते १० टक्के भरतं. चांगल्या नैसर्गिक खडीचं १-२ टक्क्यांच्या आत असतं. पण ही गोष्ट मोजता येते, मग तिचा हिशेबही ठेवता येतो. खडी आधी भिजवून घ्या. किंवा निम्मं पाणी खडी-वाळूत फिरवून मग सिमेंट आणि शेवटी उरलेलं पाणी घाला. खडीभोवती दाट लेप बसतो. हे न करता मिश्रण घट्ट वाटलं म्हणून वरून पाणी ओतायचं आणि खापर खडीवर फोडायचं, हा अन्याय आहे.

"सल्फेट तिला खातं." सल्फेटचा रोख सिमेंटच्या पेस्टवर असतो. त्यातल्या ॲल्युमिनेट या घटकाशी संयोग होऊन एट्रिंगाइट नावाचं स्फटिकरूप संयुग तयार होतं, ते फुगतं आणि तडे जातात. चिकटलेलं जुनं मॉर्टरही याला बळी पडू शकतं, हे मान्य. तरी टिकाऊपणा मुख्यतः ठरतो तो पाणी-सिमेंट प्रमाण आणि सिमेंटसोबत घातलेली स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा फ्लाय ॲश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) यांवर. खरा धोका दावेदारांच्या नजरेतून सुटलाय: राडारोड्यात मिसळलेला जिप्समचा गिलावा. पांढरा, नखाने ओरखडा उठणारा हा तुकडा आत गेला, की बाहेरून सल्फेट यायची गरजच उरत नाही. म्हणून खडी निवडून, धुऊन, तपासूनच घ्यायला हवी.

"आम्लात विरघळते." तीव्र आम्लात पोर्टलंड सिमेंटचं कुठलंही काँक्रीट झिजतं. नैसर्गिक चुनखडीची खडीसुद्धा विरघळते. तिथे संरक्षक लेप लागतोच, खडी कुठलीही असो.

राहिला मिठाचा मुद्दा. मिठातलं क्लोराइड मुख्यतः काँक्रीटमधल्या सळ्या गंजवतं, आणि सगळी खडी पुनर्वापराची असेल तर ते सहसा लवकर आत पोहोचतं. इथे दाव्यात तथ्य आहे. नैसर्गिक जाड खडीच्या फक्त २०-३० टक्के भागाऐवजी ही खडी घातली तर फरक बहुधा थोडाच पडतो आणि स्लॅगने तो भरून काढता येतो. समुद्राच्या पाण्यातल्या सळईच्या कामात मात्र पूर्ण बदल मी सुचवणार नाही, आणि पुनर्वापराची बारीक वाळू तर नाहीच नाही.