‘खरा खेळाडू थांबत नाही’ म्हणे!

परवा संध्याकाळी ताईने एक फॉरवर्ड पाठवला. ‘खेळ जगायला शिकवतो’ असं शीर्षक, पाच मुद्दे, शेवटी ‘निदान दहा पालकांना पाठवा’. खाली ताईची ओळ: ‘कोचनी आत्ताच ग्रुपवर टाकलंय. आपल्यालाच टोमणा आहे का रे?’

त्याच दिवशी सकाळी माझी तेरा वर्षांची भाची गोल वाचवायला झेपावली आणि समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती पडली, उठली, हातमोजे झटकले आणि पुन्हा गोलमध्ये जाऊन उभी राहिली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, नाकारत नाही. मॅच संपल्यावर गाडीत तिने विचारलं, ‘मामा, आपण हरलो का?’ म्हटलं, अगं दोन-एकने जिंकलो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा गाडी वळवली आणि थेट दवाखाना गाठला.

म्हणून फॉरवर्डमधला दुसरा मुद्दा आधी घेतो. बाकीचे नुसते अर्धवट आहेत, हा पोरांच्या जिवावर उठणारा आहे. ‘खरा खेळाडू दुखापतीत थांबत नाही. केरी स्ट्रगने मोडक्या पायाने उडी मारून देशाला सुवर्ण मिळवून दिलं.’

स्ट्रग ही अमेरिकेची जिम्नॅस्ट. तिच्या धैर्याबद्दल वाद नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या सांघिक स्पर्धेत पहिल्या व्हॉल्टला, म्हणजे धावत येऊन मारायच्या उडीला, तिचा घोटा दुखावला, तरी तिने दुसरा मारला आणि एका पायावर तोल सावरून उभी राहिली. पण गुणांचा हिशोब कुणी करत नाही. पहिल्या उडीचे ९.१६२, दुसरीचे ९.७१२, फरक अर्ध्या गुणाहून थोडा जास्त. अमेरिका रशियाच्या पुढे राहिली ०.८२१ गुणांनी. म्हणजे दुसरी उडी मारली नसती तरी सुवर्ण तिथेच होतं. रशियाच्या मुलींचा खेळ संपलेला नसल्याने हे त्या क्षणी कुणाला ठाऊक नव्हतं, हे मान्य. पण त्या घोट्यापायी तिच्या वैयक्तिक फेऱ्या हुकल्या. फॉरवर्डमध्ये ही ओळ नाही.

आणि घोटा निदान दुखतो, सुजतो, डोळ्यांना दिसतो. डोक्याच्या माराचं तसं नसतं. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रेमरला डोक्यावर जोरदार धक्का बसला. तो खेळत राहिला. थोड्या वेळाने त्याने पंचांनाच विचारलं, ही फायनल आहे का? तेव्हा कुठे त्याला बाहेर काढलं. अख्खं जग बघत होतं, हाताशी डॉक्टर होते, तरी ही गत. मग शाळकरी मुलांच्या मैदानावर एक कोच आणि एक पाण्याची बाटली घेऊन कुणाला काय कळणार?

कन्कशनमध्ये, म्हणजे मार लागून मेंदूला बसणाऱ्या धक्क्यात, बहुतेक वेळा शुद्ध हरपत नाही. नेहमीच्या स्कॅनमध्येही काही दिसत नाही. तेच तेच विचारणं, गोंधळणं, डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, अशाच खुणा. २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅमला या विषयावरचे तज्ज्ञ जमले होते. त्यांचं एकमताचं निवेदन पुढच्या वर्षी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये छापून आलं. त्यात घोळ नाही: नुसती शंका आली तरी खेळाडूला ताबडतोब बाहेर काढा, त्या दिवशी पुन्हा उतरवू नका. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती; हलकं चालणं चालतं, अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवायचं नाही. मग पायरी पायरीने वाढवायचं, आणि धक्काबुक्कीच्या खेळात परतण्याआधी डॉक्टरांची परवानगी. कोचच्या फॉरवर्डपुढे मला हा कागद जास्त वजनदार वाटतो.

थांबण्याचंच उदाहरण हवं असेल तर अमेरिकेचीच जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स. टोकियो ऑलिंपिकमध्ये सांघिक अंतिम फेरी तिने मध्येच सोडली, कारण हवेत असताना आपण कुठे आहोत हेच तिला उमगत नव्हतं. तेव्हा तिला पळपुटी म्हणणारे कमी नव्हते. २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णं आणि एक रौप्य घेऊन गेली.

बाकीचे मुद्दे भराभर. ‘खेळणारं मूल वाया जात नाही.’ रोज तासभर घाम गाळणं मुलांना हवंच, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. पण चारित्र्य घामाबरोबर आपोआप येत नाही. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगकडे मेहनत, शिस्त, जिद्द सगळं होतं. त्याच शिस्तीने त्याने वर्षानुवर्षं डोपिंगही केलं आणि ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीची सात विजेतेपदं गमावली. जिंकणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, हेही पोरं मैदानावरच शिकतात.

‘पूर्वी खेळ शुद्ध होता, पैशाने नासवला.’ १९०४ ची ऑलिंपिक मॅरेथॉन बघा. पहिला आलेला फ्रेड लॉर्झ बराचसा रस्ता मोटारीत बसून आला होता. त्याला बाद करून ज्या टॉमस हिक्सला विजेता ठरवलं, त्याला वाटेत स्ट्रिकनीन हे विष आणि ब्रँडी पाजली होती. शुद्धच की!

‘खेळात राजकारण नसतं.’ वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिका १९६४ पासून १९९२ पर्यंत ऑलिंपिकबाहेर होती. यावर आणखी लिहीत नाही.

पाचवी ती गोष्ट: केनियाचा आबेल मुताई अंतिम रेषा समजून आधीच थांबला, आणि मागून आलेल्या स्पेनच्या इव्हान फर्नांडेझ अनायाने पुढे न जाता त्याला रेषा दाखवली. ही खरी आहे, २०१२ ची. फक्त ती ऑलिंपिकमधली नाही, स्पेनमधल्या एका क्रॉस-कंट्री शर्यतीतली. आणि अनायाच्या स्वतःच्या प्रशिक्षकाला त्याचं वागणं पटलं नव्हतं. मला तर हा तपशील मूळ गोष्टीपेक्षा जास्त बोलका वाटतो.

हे सगळं ताईला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, ‘बरं, पण ग्रुपवर काय लिहू?’ म्हटलं, एवढंच लिही की शनिवारच्या मॅचला ती येणार नाही, डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय. तिने लिहिलं. दोन मिनिटांत कोचचं उत्तर आलं: ‘ओके. रविवारी?’